जोडलेले : चार

१

आधीच सांगून ठेवते, मी घाबरट बाई नाही. बसवकल्याणच्या बसस्टँडमागं माझं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला एकोणीस वर्षं झाली. बाकीच्या दुकानदारांनी "हे भंगारात घाला" म्हणून परत केलेली यंत्रं माझ्याकडं येतात. आठ वर्षांचा टॅब असू दे नाही तर काच फुटलेला फोन, मी त्यातलं नको ते काढते, त्याला हलकं करते, चांगलं कुलूप लावते आणि नेटवर आणून सोडते. लोक म्हणतात, "सुधाक्का, जादू केलाव बगा." जादू कसली डोंबलाची! डोकं आणि स्क्रू-ड्रायव्हर, दोनच गोष्टी लागतात.

दुकानात मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे : ओटीपी मलाही सांगू नका. तरी लोक सांगतात. रस्त्याच्या पलीकडूनच ओरडून सांगतात. मग मी त्यांची अशी हजेरी घेते की शेजारचा चहावाला काम सोडून ऐकत उभा राहतो. सुधारानी हे माझं नाव तालुक्यात या दोन गोष्टींसाठी माहीत आहे, हातासाठी आणि तोंडासाठी.

माझे आप्पा मुडबीला राहतात, कल्याणहून, म्हणजे आमच्या बसवकल्याणहून, तासाभराच्या रस्त्यावर. वीरभद्रप्पा त्यांचं नाव, वय शहात्तर. गावात कापडाचं दुकान होतं, ते बंद करून बारा वर्षं झाली. माझी आई लिंगम्मा दोन वर्षांपूर्वी गेली आणि आप्पा एकटे पडले. माझ्याकडं चला म्हटलं की म्हणायचे, "माझं काय अडायलंय हितं?" गेल्या दिवाळीत न्हाणीत पाय घसरून पडले आणि दीड तास तसेच पडून राहिले. कुणाला पत्ता नाही. ते कळल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही, हे कबूल करते.

म्हणून मी त्यांच्या घरात नेट घेतलं. माझ्या दुकानातला एक जुना टॅब दुरुस्त करून दिला. त्या घराच्या वाय-फायला काय काय जोडलं आहे, ते मला कल्याणात माझ्या फोनवर दिसतं. आप्पा सकाळी सहाला लिंगपूजा आटोपून टॅबवर बसवण्णांची वचनं लावतात. तो टॅब यादीत दिसला की मी समजते, उठले, धडधाकट आहेत. यादीतली नावंही मीच ठेवलेली : आप्पा टॅब, आप्पा फोन, टीव्ही. वर लिहिलेलं असतं, जोडलेले : ३. पाच महिने ही माझी रोजची आरतीच झाली होती म्हणा. दिवसातून सात-आठदा बघायचं आणि कामाला लागायचं.

एप्रिलातल्या एका मंगळवारी, दुपारी साडेतीनला, जेवणाचा डबा धुऊन मी सवयीनं यादी उघडली. जोडलेले : ४.

चौथं नाव होतं, सुधारानी.

हे नाव मी माझ्या फोनला दिलेलं. आणि तो फोन माझ्या हातात होता. त्याच्यावरच तर मी ती यादी वाचत होते.

२

मला हसू आलं, खरंच. राउटर म्हणजे काय, एक डबडं. मी रविवारी आप्पांकडं गेले होते, तेव्हा माझा फोन तिथं जोडला होता. डबडं ते विसरलं नसेल, जुनं नाव काढायचं राहून गेलं असेल. असं होतं. गिऱ्हाईक असतं तर मी दोन मिनिटांत समजावून हाकललं असतं.

पण नावावर बोट ठेवलं की वेळ दिसते. तिथं लिहिलं होतं : आज, दुपारी १.५२ पासून.

आप्पांना फोन लावला.

"आप्पा, ती पांढरी पेटी हाय न्हवं, दिव्याची? तिचं बटन बंद करून परत चालू करा."

"करतो की. आन् तू पोचलीस का?"

"कुठं?"

"घरला. उनाचं जायचं कामून केलीस, म्हणायलोय मी. जरा पडली असतीस."

मग वाटलं, रविवारचं बोलत असतील. एकट्या माणसाला वार काय नि तारीख काय. डोळ्यांचंही एक ऑपरेशन झालेलं, दुसरं व्हायचं. मी म्हटलं, "पोचले आप्पा." त्यांनी बटन बंद-चालू केलं, यादी पुसली गेली, पुन्हा भरली. तीन.

"पुंडीची भाजी लई झाक झालती," आप्पा फोन ठेवता ठेवता म्हणाले.

रविवारी मी पिठलं केलं होतं. पुंडी म्हणजे अंबाडी, ती निवडायचा मला कंटाळा, मी ती आयुष्यात केलेली नाही. महादेवीनं दिली असेल, असं मी मनात म्हटलं. महादेवी म्हणजे आप्पांची शेजारीण, ती काहीबाही आणून देते.

३

आता त्या शब्दाबद्दल सांगते, कारण सगळं त्यावरच आलं.

फेब्रुवारीत निंबर्ग्याचा एक गृहस्थ माझ्याकडं आला होता, हातात फोन, तोंड पांढरंफटक. त्याला त्याच्या पोरीच्या आवाजात फोन आला होता. रडणं तिचं, अडखळणं तिचं, "अप्पाजी" म्हणायची तऱ्हाही तिचीच. त्यानं जे द्यायचं ते देऊन टाकलं आणि मग पोर कॉलेजातून हसत घरी आली. हल्ली आवाजाची नक्कल करायला यंत्राला माणसाचं अर्धं मिनिट बोलणं पुरतं. चेहऱ्याचीही करतात.

त्याच आठवड्यात रविवारी मी मुडबीला जाऊन आप्पांना समोर बसवलं. "हे बघा आप्पा, आपल्या दोघांत एक शब्द ठरवू. माझा फोन आला, मी म्हटलं मी सुधा हाय, तरी आधी शब्द विचारायचा. दारात आले तरी विचारायचा. तुम्हांला नीट दिसत न्हाई. शब्द चुकला तर कडी काढायची न्हाई."

आप्पा खवळले. "दारात आलेल्याला कोण, कुठला, कुणाचा विचारायची रीत आपल्यात हाय का गं? तुझ्या आज्जानं विचारली न्हाई, मी विचारली न्हाई. आल्याला आधी पानी, मग भाकरी. नाव त्यानं सांगितलं तर सांगितलं."

खरं आहे ते. आमच्या बसवण्णाला मानणाऱ्या घरांत ही रीत रक्तात भिनलेली. लहानपणी मी पडवीत कितीतरी अनोळखी माणसं जेवताना बघितलीत, त्यांची नावं आम्हांला शेवटपर्यंत कळली नाहीत. पण काळ बदलला आहे, हे आप्पांना कोण सांगणार? मीच सांगितलं. तासभर भांडलो. शेवटी त्यांनी तोड काढली.

"परक्याला मी विचारनार न्हाई. ते माझ्यानं व्हायचं न्हाई. पन जी म्हनंल मी सुधा हाय, तिला तेवढं विचारतो. झालं?"

मी विचार केला, आपला हेतू काय, माझ्या नावानं कुणी फसवू नये. तेवढं तर झालं. म्हणून मीही मान्य केलं. म्हणजे बघा, साऱ्या गावाला ते घर उघडं, आणि त्या घरात विचारपूस फक्त एकीची होणार, पोटच्या लेकीची. आज हे लिहिताना मला माझ्याच डोक्याची कीव येते. तेव्हा मात्र मी ऐटीत घरी आले.

शब्द ठरला करडई.

४

शुक्रवारी दुपारी पुन्हा चार.

या वेळी मी हसले नाही. शटर अर्धं ओढलं आणि नीट बघायला बसले. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून एक आकडा लागून येतो, आपल्या आधारसारखा, दोघांचा एक नसतो. मुडबीतल्या त्या चौथ्या यंत्राचा आकडा मी कागदावर उतरवून घेतला. मग माझ्या फोनचा काढला. शेवटच्या अक्षरापर्यंत एक.

मला उलट बरं वाटलं. कारण आता हे डबड्याचं विसरणं नव्हतं, हा माणसाचा उद्योग होता. हा आकडा चोरता येतो. कसा चोरतात ते मी दुकानात बायकांचा वर्ग घेते, त्यात शिकवतेसुद्धा. कुणीतरी शहाणा माझ्या फोनचं सोंग घेऊन आप्पांच्या नेटात शिरला होता. त्याला मी सरळ करणार होते.

एकच गोष्ट जमत नव्हती. नेटात शिरलेला चोर काहीतरी ओढतो, पाठवतो. त्यासाठीच शिरतो ना? या यंत्राच्या नावापुढं दोन्हीकडं शून्य होतं. काही आलं नाही, काही गेलं नाही. नुसतं जोडून बसलेलं होतं.

तशीच स्कूटी काढली. मुडबीला पोचले तेव्हा चार वाजत आले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आप्पांचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पडवी, वर स्लॅब. दार वाजवलं.

"कोन?"

"मी सुधा."

"शब्द?"

"करडई."

कडी निघाली. आप्पा हसत उभे होते. "परत आलीस? काय इसरलीस?"

मी आत गेले. घर बघितलं आणि दारातच थांबले. फरशी पुसलेली होती. गोळ्यांची पाकिटं कात्रीनं कापून, सकाळ-दुपार-रात्र अशा तीन स्टीलच्या डब्यांत लावलेली. हे करायचं म्हणून मी सहा महिने म्हणत होते. मोरीत दोन ताटं धुऊन उपडी घातलेली. आणि आप्पांनी हात पुढं केला पाण्याचा तांब्या द्यायला, तर त्यांची नखं कापलेली. सारखी, गोल, कडा घासलेली. मी माझ्या बापाची नखं कधी कापली नव्हती. असं काही करायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं.

"आप्पा, आज कोण आलं होतं?"

"म्हंजी? तूच की."

"मी आत्ता येतेय."

"ते हायच. पन दुपारच्याला बी तूच आलतीस. मंगळवारी बी."

आवाज खाली ठेवून विचारलं, "तिला शब्द विचारला?"

"विचारलो तर! तू सांगितलीस आन् मी न्हाई विचारनार? पयल्यांदा तुला आठवना झाला. उनात उभी हुतीस, घसा सुकलेला. नुसती बघत हुतीस माझ्याकडं. मग मीच म्हनालो, अगं करडई न्हवं का? तवा तू म्हनालीस, करडई."

"आप्पा!" मी ओरडलेच. "शब्द विचारायचा असतो, सांगायचा नसतो!"

"लेकीला दारात उभं करून काय परीक्षा घेऊ? मलाच लाज वाटली."

बाहेर महादेवी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. मी कुंपणाशी गेले. म्हटलं, ती तरी शुद्धीवर असेल. तिनंच आधी तोंड उघडलं. "अक्का, बरं केलाव बगा, सारखं यायलाव ते. आप्पाचं तोंड बगा कसं उजळलंय. लिंगम्माक्का गेल्यापासनं कुनाशी धड बोलत न्हवते."

"महादेवी, दुपारी मला नीट बघितलीस तू?"

"न बघायला काय झालं? हितंच तर उभ्या हुताव." आणि ती हसायला लागली. "असं कामून विचारायलाव?"

मी आत आले आणि जे येतं ते केलं. वाय-फायचा पासवर्ड बदलला, वीस अक्षरांचा केला. टॅब पुसून नव्यानं लावला. तो आकडाच बंद करून टाकला, म्हणजे माझा फोनही आता इथं जोडला जाणार नव्हता. मग आप्पांच्या कानाला तोंड लावून नवा शब्द सांगितला. तो शब्द मी इथंही लिहिणार नाही. तेव्हा घरात आम्ही दोघं होतो, फोन बंद होते, पंखा सुद्धा बंद होता.

"हा कुणालाही सुचवायचा न्हाई. मी मेले तरी न्हाई. शपथ घ्या."

आप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मला वाटलं, झालं. कुणी बाई आहे, माझ्या अंगलोटाची, म्हाताऱ्याच्या अधू डोळ्यांचा फायदा घेतेय. उद्या पोलिसांत सांगू. परतताना मी गाडीवर चक्क गुणगुणत होते.

५

शनिवार, रविवार, सोमवार. तीन, तीन, तीन. पोलिसांत गेलेच नाही, गरज काय?

मंगळवारी दुपारी दोनला मी एका बाईंचा फोन उघडून बसले होते. मध्येच यादी बघितली. जोडलेले : ४. सुधारानी. वीस अक्षरांचा पासवर्ड टाकून, बंद केलेल्या आकड्यावरून, १.५२ पासून.

मी टॅबवर व्हिडिओ लावला. बराच वेळ वाजला. मग आप्पांचं कपाळ दिसलं, विभूतीचे पट्टे, वर स्लॅबचा हूक. त्यांना टॅब नीट धरता येत नाही.

"आप्पा, मी सुधा. तुम्ही बरे हाव का?"

आप्पा पडद्याजवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. "अगं, आत्ता तर आत गेलीस चहा टाकायला. आतनं फोन कामून करायलीस?"

त्यांच्यामागं स्वयंपाकघराचं दार होतं. आतून लायटरचा आवाज आला, टक, टक, मग शेगडी पेटल्याचा. भांडं ठेवल्याचा. कुणीतरी डब्यातून साखर घेत होतं आणि चमचा डब्याच्या काठावर दोनदा आपटत होतं. मी तसंच करते. माझा नवरा किरणकुमार त्याला वैतागतो.

"आप्पा, ऐका माझं. उठा आणि महादेवीकडं जा. आत्ताच्या आत्ता."

"महादेवीकडं कशाला?"

तेवढ्यात उजवीकडून एक हात चित्रात आला आणि आप्पांपुढं कपबशी ठेवून थांबला. बाईचा हात, हिरव्या बांगड्या. अंगठ्याच्या मुळाशी एक लांबट पांढरा डाग. मी माझा डावा हात वर उचलला. सोल्डरिंगनं भाजून पडलेला माझा डाग, तीच जागा, तीच लांबी.

"कुणाचा फोन हाय, आप्पा?" आतला आवाज म्हणाला. आपलाच आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो ना? हा परका वाटला नाही.

आप्पांनी पडद्याकडं बघितलं. मग बाजूला, वर बघितलं. पुन्हा पडद्याकडं.

तो हात आला आणि त्यानं टॅब अलगद पालथा घातला. अंधार झाला. अंधारात तो आवाज समजुतीनं म्हणाला, "असल्यांशी बोलू नका आप्पा. आपलंच तोंड लावून येत्यात, आपलाच आवाज काढत्यात. तुम्हांला सांगितले हुते की मी."

फोन बंद झाला.

मी महादेवीला लावला. नंबर तीनदा चुकला. "महादेवी, आप्पांच्या घरात कोण हाय ते बघ, पाया पडते तुझ्या."

"तुमीच हाव की अक्का," ती म्हणाली. "आत्ताच न्हाई का साखर मागून नेलाव?"

६

मुडबीपर्यंतचा रस्ता मी कसा काढला, आठवत नाही. दोष कुणाला द्यावा तेही कळत नव्हतं. डोकं मात्र सारखं कारणं शोधत होतं. तोतया बाई. आवाजाचं यंत्र. डाग रंगवता येतो. पासवर्ड खांद्यावरून बघता येतो. शब्द? शब्द आप्पांनी पुन्हा सुचवला असेल. लिंगाला हात लावून? नाही. तिथं डोकं अडत होतं.

पडवीत चपलांचा एक जोड काढून ठेवला होता. माझा. तसलाच माझ्या पायांतही होता.

दार लावलेलं. मी दोन्ही हातांनी वाजवलं. "आप्पा! दार उघडा!"

"कोन?"

"मी सुधा."

आतून कुजबुज ऐकू आली. "विचारा आधी, आप्पा."

"शब्द?" आप्पा म्हणाले.

मी दाराच्या फटीला तोंड लावून शब्द सांगितला. मग आप्पांची काठी दाराजवळ आल्याचा आवाज. ते अगदी पलीकडं उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"शब्द बरोबर हाय," ते हळू म्हणाले. "पन आतली बी ह्योच सांगितली. आता मी काय करू? मला दिसत तर न्हाई."

"आप्पा, मी तुमची लेक हाय हो!"

"ती बी हेच म्हनायली." त्यांचा आवाज रडकुंडीला आला होता. मग ते म्हणाले, "एक विचारतो. कुठं लिवलेलं न्हाई, फोनात न्हाई. तुझी आई जाताना शेवटाला काय मागितली?"

मला उत्तर माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वीचा तो बुधवार, सकाळी अकरा. दुकानात बारा बायका शिकायला बसल्या होत्या. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी तो फोन सगळ्यांना दाखवला आणि म्हटलं, बघा, असा नंबर आला की काय करायचं? आणि त्यांच्यासमोर कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा तर मी नंबरच बंद करून टाकला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. तो महादेवीच्या दिराचा फोन होता. आप्पांच्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून त्याच्या फोनवरून लावत होते. आईला माझा आवाज ऐकायचा होता. तेवढंच मागत होती. अर्ध्या तासानं ती गेली. मी मातीला आल्यावर आप्पांनी मला एकदाच विचारलं, फोन कामून लागला न्हाई गं? मी म्हटलं, रेंज नव्हती आप्पा.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

सांगितलं असतं तर दार उघडलं असतं. पण मग त्या दारातून आत जाणारी मी कोण असणार होते? आईचा फोन तीनदा कापणारी. दोन वर्षं बापाशी खोटं बोलणारी. एवढं बेधडक तोंड माझं, आख्ख्या तालुक्याची हजेरी घेणारं, ते त्या वेळी उघडलंच नाही. मी एक श्वास घेतला, शब्द जुळवायला. तेवढाच उशीर झाला.

"मला मागितली, आप्पा," आतून माझा आवाज म्हणाला. "माझा आवाज ऐकायचा हुता तिला. फोन आलता मला. रेंज हुती. नंबर वळखीचा न्हवता म्हणून मीच कापले. तीनदा कापले. तुमाला खोटं सांगितले."

आत काठी खाली पडली. मग आप्पा रडायला लागले. आई गेली त्या दिवशीही मी त्यांना असं रडताना ऐकलं नव्हतं.

"मला ठाव हुतं, माय," ते म्हणाले. "तवाच ठाव हुतं. घंटी वाजायली आन् कापायली, ऐकू येत न्हवतं का मला? तू कवा सांगतीस म्हनून वाट बघायलो हुतो. दोन वर्सं झाली."

"आप्पा, मी हितं हाय!" मी दारावर मुठी आपटल्या, डोकं आपटलं. "मी कापले! मीच कापले, आप्पा! मी सांगायलेय की आता!"

पावलं दारापासून लांब गेली. खाट कुरकुरली, दोघं बसल्यावर कुरकुरते तशी. कुणीतरी हमसून रडत होतं, माझ्यासारखंच, मध्ये मध्ये श्वास अडकत. आणि पाठीवरून हात फिरवल्याचा आवाज येत होता, सावकाश, वरून खाली.

मी उन्हात दार वाजवत राहिले, आणि आत आप्पा मला समजावत होते, रडू नको सुधा, झालं ते झालं, आता रडू नको.